कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड : अकोल्याच्या डोंगरांत चालण्याची तयारी

सह्याद्री हा उंचीने ठेंगणा डोंगर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर भरते, आणि हिमालयात याहून अधिक उंचीवर गावे वसलेली असतात, आठवड्याचे बाजार भरतात. त्यामुळे या डोंगरांत पहिल्यांदा येणारा माणूस शिखराच्या उंचीचा आकडा पाहतो आणि त्यावरूनच दिवस ठरवतो. हा आकडा येथे फारसा उपयोगाचा नाही. पायथ्याच्या गावापासून खरा चढ किती आहे, वाटेत कातळटप्पा किंवा शिडी कुठे आहे, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते आणि अंधार पडण्यापूर्वी गावात पोहोचायचे तर माथा किती वाजता सोडायचा, या प्रश्नांची उत्तरे हाती असल्याखेरीज सह्याद्रीतील कोणतीही वाट सोपी म्हणू नये.

या लेखात अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या अकोले तालुक्यातील डोंगरांचा विचार केला आहे. कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड हे तिन्ही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात येतात, तिघांवरही दोर न लावता जाता येते, आणि मुंबई, पुणे व नाशिक या तिन्ही शहरांतून दोन दिवसांच्या सुट्टीत ते आटोक्यात असतात. नवख्याने याच क्रमाने चढावेत असे माझे मत आहे, कारण प्रत्येक ठिकाणी एक नवी गोष्ट शिकायला मिळते.

डोंगराची ठेवण

वाटेवर पाय ठेवण्यापूर्वी हा डोंगर कसा घडला हे थोडक्यात समजून घ्यावे, कारण पुढचे बहुतेक सगळे सल्ले त्यातूनच निघतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि थिजून त्यांचा काळा बेसाल्ट खडक झाला. हे थर जवळजवळ आडवे आहेत. त्यांतला घट्ट थर झिजायला वेळ लागतो, म्हणून तेथे उभा कडा राहतो. पोकळ्या असलेला मऊ थर लवकर झिजतो, म्हणून तेथे उताराची किंवा सपाट जागा तयार होते, जिला आपण पदर किंवा माची म्हणतो. कोणताही गड दुरून पाहिला की या पायऱ्या स्पष्ट दिसतात.

चालणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की सह्याद्रीतला चढ एकसारखा नसतो. गावामागच्या भातखाचरांतून वाट एखाद्या सोंडेवर, म्हणजे डोंगरापासून खाली उतरत आलेल्या धारेवर, चढते, पदरात आली की आडवी होते, मग समोर कडा उभा राहतो आणि तो ओलांडण्यासाठी वाट खिंड, घळ किंवा नाळ शोधते. जिथे अशी नैसर्गिक फट नसते तिथे पूर्वी कातळात पायऱ्या खोदल्या गेल्या आणि अलीकडे लोखंडी शिड्या बसवल्या गेल्या. म्हणून वाट शोधताना नजर कड्यातल्या कमकुवत जागेवर असावी. कड्याला समांतर जाणारी मळलेली वाट पुढे कुठेतरी फटीत शिरणार, हे गृहीत धरायला हरकत नसते. उलट कड्याखाली पुसट होत चाललेली, गुरांच्या पायांनी उमटलेली ढोरवाट बहुधा एखाद्या पाणवठ्यावर किंवा गवताच्या उतारावर जाऊन संपते.

हीच ठेवण नकाशावर मात्र पूर्ण दिसत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, २० मीटर उंचीचे अंतर असते. एका सेंटिमीटरच्या पट्ट्यात दहा रेषा मोजल्या तर अर्ध्या किलोमीटरमध्ये दोनशे मीटरांचा चढ आहे, हे कळते. परंतु पंधरा मीटरांचा सरळ कातळटप्पा दोन रेषांच्या मधल्या पांढऱ्या जागेत सहज लपतो, आणि पंधरा मीटर म्हणजे चार-पाच मजली इमारतीची उंची. मोबाइलवरचे नकाशेही याला अपवाद नाहीत. म्हणून नकाशा आणि आधी कोणीतरी नोंदवलेली वाट मोबाइलमध्ये उतरवून अवश्य घ्यावी, पण टप्प्यांविषयी पायथ्याच्या गावातल्या माणसाला विचारावे. विचारताना ‘वाट सोपी आहे का’ असे विचारू नये. रोज जनावरांमागे फिरणाऱ्याला सगळेच सोपे वाटते. शिडी आहे का, हात लावून चढावे लागते का, पाणी कुठे आहे, परवाच्या पावसानंतर कोणी वर गेले होते का, असे नेमके प्रश्न विचारले तर नेमकी उत्तरे मिळतात.

वेळेचा हिशेब

चढाईला लागणारा वेळ काढण्यासाठी जगभरातले गिर्यारोहक एक जुना ठोकताळा वापरतात. दर पाच किलोमीटर अंतराला एक तास धरायचा आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास मिळवायचा. कळसूबाईची बारी गावातून माथ्यापर्यंतची वाट साडेसहा किलोमीटरच्या आसपास आहे आणि चढ सुमारे साडेआठशे मीटरांचा आहे. अंतराचे सव्वा तासाहून थोडे अधिक आणि चढाचे साधारण तेवढेच धरले तर पावणेतीन तास होतात. हा वेळ न थांबता चालणाऱ्या सरावाच्या माणसाचा आहे. शिड्यांपाशी होणारा खोळंबा, दम खाण्यासाठी थांबणे आणि गटातला सर्वांत सावकाश चालणारा माणूस लक्षात घेतला तर साडेतीन ते चार तास धरणे शहाणपणाचे ठरते. उतरायला याच्या निम्मा वेळ लागेल असे समजू नये. अडीच तास तरी ठेवावेत.

यानंतर उलटे मोजत यावे. डिसेंबरमध्ये या भागात सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधारापूर्वी एक तास हाती ठेवून पाच वाजता गावात यायचे असेल, तर अडीच वाजता माथा सोडलाच पाहिजे. गटाने ही वेळ सकाळी गाव सोडतानाच ठरवावी आणि सर्वांना सांगावी. ती वेळ झाली की माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी परत फिरावे. या एका नियमावर गटात सर्वाधिक वाद होतात, आणि म्हणूनच तो वर चढून गेल्यावर नव्हे, खाली चहा पिताना ठरवायचा असतो.

हंगाम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ नवख्यांसाठी उत्तम. हवा स्वच्छ असते, ओढे पायी ओलांडता येतात आणि गडांवरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांत पाणी असते. पहाटे माथ्यावर वाऱ्यामुळे बोचरी थंडी वाजते, परंतु नऊनंतर उघड्या सोंडेवर ऊन चढते, त्यामुळे जाड जाकीट पाठीवर वाहून नेण्यापेक्षा दोन पातळ कपड्यांवर वारा अडवणारे एक आवरण पुरते. डिसेंबरनंतर वाळलेले गवत पायाखाली गुळगुळीत होते आणि उतारावर ते ओल्या कातळाइतकेच घसरवते, याकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते.

मार्च ते मे या महिन्यांत भर दिवसा चढू नये. कळसूबाईवर या काळात लोक पहाटे तीन-चारला निघून सूर्योदयाला माथा गाठतात आणि दहापर्यंत खाली येतात, ही पद्धत योग्य आहे. गवत पूर्ण वाळलेले असल्यामुळे वणवा सहज पेटतो. चूल मांडणे, शेकोटी करणे आणि विडी-सिगारेट हे या काळात पूर्णपणे टाळावे. समोरच्या उतारावर धूर दिसला तर गवताळ सोंड सोडून उघड्या कातळाकडे किंवा आधीच जळून गेलेल्या पट्ट्याकडे सरकावे. आग उतारावरून वर फार वेगाने चढते, त्यामुळे तिच्या वरच्या अंगाला राहू नये.

जून ते सप्टेंबर हा या डोंगरांचा सर्वांत देखणा आणि सर्वांत फसवा काळ असतो. घाटमाथ्यावरचे घाटघर हे नगरचे चेरापुंजी म्हणून ओळखले जाते, यावरून पावसाचा अंदाज यावा. धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नाही, कातळावर शेवाळ धरते आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी कमरेएवढा होतो. पाणी अचानक गढूळ होऊ लागले, त्यात काटक्या-पाने वाहत आली किंवा ओढ्याचा आवाज बदलला, तर वरच्या अंगाला जोरदार सर आली आहे असे समजून काठापासून उंचावर जावे. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर ओलांडू नये. या ओढ्यांना क्षेत्र लहान आणि उतार तीव्र असल्यामुळे पाऊस थांबला की पाणी काही तासांत ओसरते. तेवढा वेळ थांबणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. रतनगडाच्या पायथ्याच्या साम्रद गावाजवळची सांदण दरी तर पावसाळ्यात पूर्णपणे वर्ज्य समजावी, कारण दोन उभ्या भिंतींच्या मधल्या त्या चिंचोळ्या भेगेत बाजूला सरकायला जागाच नसते.

सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचे दिवस मला स्वतःला सर्वांत प्रिय आहेत. सोनकीच्या फुलांनी पठारे पिवळी होतात, तेरडा असतो आणि धबधब्यांनाही पाणी असते. मात्र याच दिवसांत दुपारनंतर वळवासारखे गडगडाटी पाऊस येतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ जात असेल तर शिखर, धार, एकटे झाड आणि लोखंडी शिड्या व कठडे सोडून खाली उतरायला लागावे. कळसूबाईच्या माथ्यावर असताना हे विशेष लक्षात ठेवावे, कारण आसपास त्याहून उंच काहीच नाही आणि परतीच्या वाटेवर शिड्या आहेत.

सोबत काय असावे

तळव्याला खोल खाचा असलेले, घोट्यात घट्ट बसणारे आणि आधी काही दिवस वापरलेले बूट ही एकच वस्तू अशी आहे जिच्यात तडजोड करू नये. पाणी हिवाळ्यात माणशी तीन लिटर आणि उन्हाळ्यात चार ते पाच लिटर घ्यावे. वाटेत लिंबू सरबताच्या टपऱ्या असतात, परंतु त्या शनिवार-रविवारच्या गर्दीवर चालतात. मधल्या वारी गेल्यास त्यांच्या भरवशावर राहू नये. मीठ-साखरेची पुडी, डोक्याला बांधायची विजेरी आणि तिचे जादा सेल, शिट्टी, क्रेप बँडेज, स्वतःची औषधे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पावसाळ्यात सुक्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, एवढे सामान पाठीवर असावे. दिवसा परतणार असलात तरी विजेरी घ्यावी. मोबाइलचा दिवा हा विजेरीला पर्याय नाही, कारण शिडीवर दोन्ही हात मोकळे लागतात.

आधी सराव म्हणून राहत्या इमारतीचे जिने वापरता येतात. महिनाभर आठवड्यातून तीन वेळा, शेवटच्या आठवड्यांत पाठीवर चार-पाच किलो वजन घेऊन, चढणे आणि उतरणे दोन्ही करावे. उतरण्याचा सराव बहुतेक जण करत नाहीत आणि गुडघे नेमके तेव्हाच बोलतात.

कळसूबाई

मुंबईहून रेल्वेने कसारा किंवा इगतपुरी गाठून घोटीमार्गे भंडारदऱ्याच्या रस्त्यावर बारी गावात उतरावे. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर असे यावे. गावाच्या मागून निघालेली वाट भातशेतीतून सोंडेकडे जाते. पायथ्याच्या बाजूला देवीचे एक लहान देऊळ आहे. ज्यांना माथ्यापर्यंत जाता येत नाही ते येथूनच दर्शन घेतात. नवरात्रात वर जत्रा भरते आणि त्या दिवसांत वाट रात्रंदिवस वाहती असते. देवीला जायचे असेल तर तेव्हा जावे, डोंगर पाहायचा असेल तर तेव्हा टाळावे.

वाट चुकण्याची शक्यता येथे फारशी नाही. शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे शिड्या. कड्यांच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत आणि शेवटची शिडी थेट माथ्याखाली आहे. चढताना दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन आधार नेहमी लोखंडावर असावेत आणि चौथाच हलवावा. उतरताना तोंड शिडीकडेच असले पाहिजे. दरीकडे तोंड करून जिन्यासारखे उतरणारे लोक दिसतात, परंतु पाठीवरची पिशवी मागच्या पायरीला अडकली की ती माणसाला पुढे ढकलते. पावसाळ्यात पायरीच्या मध्यभागी चिखल साचतो, म्हणून पाऊल कडेला, शिडीच्या दांड्याजवळ टेकवावे आणि हातांनीही दांडाच धरावा. वरचा माणूस शिडीवर असताना खालच्याने शिडीच्या रेषेत उभे राहू नये, कारण बुटाने उडालेला खडा नेमका तेथेच येतो.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे एक विहीर आहे. उन्हाळ्यात तिच्यावर विसंबून राहू नये. माथ्यावरून दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय दिसतो. प्रवरा नदीवरचे हे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. पश्चिमेला कुलंग, मदन आणि अलंग हे तीन दुर्ग रांगेत उभे असतात, जलाशयापलीकडे रतनगड आणि त्याचा खुट्टा सुळका ओळखता येतो, आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला हरिश्चंद्रगडाची रांगही. उत्तरेला त्र्यंबकेश्वरच्या बाजूचे डोंगर असतात. पुढच्या दोन्ही गडांची दिशा येथे उभे राहून नकाशावर जुळवून घ्यावी.

रतनगड

रतनवाडी हे जलाशयाच्या टोकाचे गाव आहे. तेथील अमृतेश्वराचे कोरीव दगडी मंदिर आणि त्याची पुष्करणी निवांत पाहावी, पण चढाईनंतर. आधी पाहायला गेले की सकाळचा गारवा निघून जातो.

वाट सुरुवातीला प्रवरेच्या पात्राच्या आजूबाजूने जाते आणि ते पात्र पुन्हा पुन्हा ओलांडावे लागते. नंतर दाट रान लागते. कळसूबाईवर समोर सतत डोंगर दिसत असतो; येथे झाडांमुळे काही दिसत नाही, आणि म्हणून वाट राखायला शिकण्यासाठी ही जागा चांगली आहे. झाडीतून चढत गेल्यावर एका ठिकाणी कात्राबाईच्या खिंडीकडून पुढे हरिश्चंद्रगडाला जाणारी वाट फुटते. अशा प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून पाहावे, कारण परतताना तीच जागा उलट्या बाजूने दिसते आणि अनोळखी वाटते. दगडावर रंगवलेले बाण किंवा कोणी रचलेली दगडांची लगोरी दिसली तर ती खूण मोडू नये आणि स्वतःच्या मनाने नवी खूणही करू नये.

रानाच्या वर शिड्या आणि त्यानंतर गणेश दरवाजा लागतो. गडावर पाण्याची टाकी आहेत. पिण्याचे टाके कोणते, हे खाली गावात विचारून घ्यावे आणि पाणी गाळून, शुद्धीकरणाच्या गोळ्या टाकूनच प्यावे. गडाच्या माथ्यावर खडकाला आरपार पडलेले नेढे आहे. त्यात बसायला दहा-बारा माणसांना जागा होते, परंतु वाऱ्याचा झोत इतका असतो की टोपी, नकाशा, मोबाइल यांपैकी काहीही सैल ठेवू नये. त्र्यंबक दरवाजाने साम्रदच्या बाजूला उतरून गडाला वळसा घालता येतो. कातळात खोदलेल्या त्या पायऱ्या उंच आहेत आणि काही झिजलेल्या आहेत, त्यामुळे पावसाळ्यात आल्या वाटेनेच उतरणे बरे.

हरिश्चंद्रगड

येथे गडावर नव्हे, वाटेच्या निवडीवर सगळे अवलंबून असते. पाचनईची वाट सर्वांत जवळची आहे. ओढ्याच्या संगतीने, पुढे आलेल्या कातळाच्या छताखालून ती आडवी जाते, अडचणीच्या ठिकाणी कठडे आहेत आणि दोन ते तीन तासांत मंदिराशी पोहोचवते. खिरेश्वरची वाट पुणे जिल्ह्याच्या बाजूने, माळशेज घाटाच्या रस्त्यावरच्या खुबी फाट्यावरून आत शिरून सुरू होते. तोलार खिंडीत वाघाचे शिल्प कोरलेला दगड आहे. तेथून कातळाचा टप्पा कठड्याला धरून चढावा लागतो, आणि त्यानंतर मंदिरापर्यंत एकामागून एक टेकड्यांचे चढ-उतार आहेत, ज्यांत धुके असले की माणसे हमखास भरकटतात. या वाटेला पाच-सहा तास धरावेत. तिसरी नळीची वाट कोकणातल्या बेलपाड्याहून थेट कोकणकड्याच्या, म्हणजे गडाच्या कोकणाकडील उभ्या कड्याच्या, शेजारच्या नाळेतून चढते. ती मोठ्या दगडांची, घसाऱ्याची (पायाखालून निसटणाऱ्या माती-खड्यांच्या उताराची) आणि कातळटप्प्यांची आहे. अनुभवी सोबती, दोर आणि वाटाड्या यांच्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.

वर हरिश्चंद्रेश्वराचे कातीव मंदिर, चांगदेवांचा उल्लेख असलेले शिलालेख, पुष्करणी आणि केदारेश्वराची गुहा आहे. या गुहेत थंडगार पाण्यात मोठे शिवलिंग आहे आणि त्याभोवतीच्या चार खांबांपैकी एकच उरला आहे. तारामती हे गडाचे सर्वोच्च शिखर १,४०० मीटरांहून उंच आहे. मंदिरामागच्या रानातून तिच्यावर जाणारी वाट थोडक्यात संपते आणि फार कमी लोक ती घेतात. माझ्या मते कोकणकड्यावरच्या गर्दीत दुसरा तास घालवण्यापेक्षा तो येथे घालवावा.

कोकणकडा अर्धवर्तुळाकार आहे आणि त्याची धार आत वळलेली आहे, म्हणजे धारेवर उभ्या असलेल्या माणसाच्या पायांखाली आधार दिसतो त्यापेक्षा कमी असतो. वाकून पाहायचे असेल तर पाठीवरची पिशवी मागे काढून ठेवावी, धारेपासून दोन-तीन मीटर अंतरावर पोटावर झोपावे आणि सरपटत पुढे जावे. कोकणातून वर येणारा वारा कधी इतका जोराचा असतो की धबधब्याचे पाणी उलटे फेकले जाते. अशा वेळी हा प्रयोगही करू नये. पावसाळ्यात दरीत ढग आणि पाठीमागे सूर्य असा योग जुळला तर ढगावर पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि त्याच्या मध्यभागी पाहणाऱ्याचीच सावली दिसते. याला इंद्रवज्र म्हणतात. ते दिसेल म्हणून धारेवर ताटकळू नये. 

गडावर मुक्काम करायचा असेल तर वनखात्याचे त्या वेळचे नियम आधी विचारून घ्यावेत, कारण ते हंगामानुसार बदलतात. प्रवेशशुल्क भरावे लागल्यास त्याची पावती सोबत ठेवावी.

उतरताना, आणि काही बिघडले तर

घसाऱ्यावर उतरताना पाऊल आडवे टाकावे, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा आणि दोन माणसांत अंतर इतके असावे की सुटलेला दगड ओरडून सांगायला वेळ मिळेल. तीव्र उतारावर कारवीची झाडी हा मोठा आधार असतो, परंतु सुकलेली काठी मधेच मोडते, म्हणून चार-पाच काठ्या एकत्र करून बुंध्याशी, जमिनीजवळ धराव्यात.

वाट चुकल्याचे लक्षात येताच थांबावे आणि शेवटची खात्रीची खूण जिथे दिसली होती तिथपर्यंत परत जावे. पाण्याच्या ओहोळाने उतरत गेले की गाव लागते, हा समज या डोंगरात जीवघेणा ठरू शकतो. आडव्या थरांमुळे येथला प्रत्येक ओढा कधी ना कधी कड्यावरून खाली कोसळतो, आणि खाली घसरत आलेल्या माणसाला त्या कड्याच्या माथ्यावरून मागे चढणे नेहमीच जमते असे नाही. अंधार पडला तर सपाट, वाऱ्याआडची जागा पाहून सकाळपर्यंत थांबावे, अंगावर असतील ते सर्व कपडे घालावेत आणि शिट्टीचे सहा आवाज देऊन एक मिनिट थांबावे व पुन्हा द्यावेत. मोबाइलला खोल घळीत रेंज नसते, सोंडेवर बहुधा मिळते. ११२ हा आपत्कालीन आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आहे. मदत मागताना गडाचे नाव, पायथ्याचे गाव, आपण कोणत्या वाटेवर आहोत आणि जखमी माणूस चालू शकतो का, हे आधी सांगावे. प्रत्यक्षात सर्वांत आधी पोहोचतात ती गावातलीच माणसे, म्हणून निघताना गावातल्या एका घरी किती जण जात आहोत आणि कधी परतणार हे सांगून ठेवावे.

कड्याच्या पोटाला काळपट, हातभर लांबीची लोंबणारी पोळी दिसली तर ती आग्या मोहोळाची असतात. अशा ठिकाणी आरडाओरडा, धूर आणि अंगावरचे उग्र अत्तर या तिन्ही गोष्टी संकट ओढवून घेतात. माश्या उठल्याच तर हात झटकत उभे न राहता चेहरा कपड्याने झाकून, धार आणि कडा कुठे आहे याचे भान ठेवून, झाडीत किंवा दूर पळावे. पावसाळ्यात आणि त्यानंतर फुरसे, घोणस आणि हिरवा चापडा यांचा वावर असतो. दगडाच्या फटीत न पाहता हात घालू नये. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळपट्टी बांधणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव हलणार नाही असा आधार द्यावा, माणसाला चालवण्याऐवजी शक्य तेवढे उचलून न्यावे आणि प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात पोहोचवावे.

गावाशी व्यवहार

या गावांतली वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची आहे. वाटाड्या घ्यावा, विशेषतः रतनगडाच्या रानात आणि पावसाळ्यात, आणि मोबदला निघण्यापूर्वीच बोलून ठरवावा. जेवण हवे असेल तर सकाळी निघतानाच ‘मावशी, आम्ही सहा जण आहोत, चारच्या सुमारास उतरू’ असे सांगावे. चूल आयत्या वेळी पेटत नाही, आणि सांगून न आल्यास त्या घरी केलेला स्वयंपाक वाया जातो. जुलैत भाताची लावणी चालू असते. खाचरांच्या बांधावरून एकामागे एक चालावे, बांध ढासळू देऊ नये. माथ्यावर देवळे आहेत, तेव्हा चपला-बूट बाहेर ठेवावेत आणि गाणी वाजवणारे स्पीकर शहरात ठेवून यावेत. प्लास्टिक आपल्याच पिशवीतून परत न्यावे. गावात कचरा उचलणारी गाडी येत नाही.

हे तीन गड निरनिराळ्या हंगामांत पाहून झाले की पुढचा विचार करावा. रतनगडाहून कात्राबाईच्या खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडापर्यंतची चाल मुक्कामाची आहे आणि तिच्यासाठी वाटाड्या आवश्यक आहे. बागलाणातला साल्हेर १,५६७ मीटर उंच असून महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला आहे आणि तो दोराशिवाय चढता येतो. कळसूबाईवरून दिसलेल्या तिघांपैकी कुलंगलाही दोर लागत नाही, मात्र त्याचा चढ लांबलचक आणि दमछाक करणारा आहे. अलंग आणि मदनवर कातळारोहण करावे लागते. तेथे दोर, हेल्मेट आणि ते वापरायला शिकलेला म्होरक्या यांच्यासहच जावे.